आधी पाऊल मोजा, मग बूट द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळेतल्या मुलांना मिळणारे बूट, त्यांचं माप, त्यांचा दर आणि चौथी-सातवीनंतर योजनेबाहेर पडणारी मुलं

महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने एक निर्णय घेतला. शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलामुलीला गणवेशासोबत एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचे. त्यासाठी विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवली. निर्णय चांगला होता, आजही आहे. योजना बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. दिलेला बूट मुलाला घालता यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितोय.

मी जत तालुक्यात चपला-बुटांचं दुकान चालवतो. आजोबा आणि वडील चपला शिवायचे, मी तयार माल आणून विकतो. आजूबाजूच्या शाळा माझ्याकडूनही बूट घेतात, म्हणजे या योजनेत माझा धंदा गुंतलेला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, वाचताना ते ध्यानात असू द्या. पण त्याच धंद्यामुळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शेकडो लहान पावलं माझ्यासमोर येतात, आणि त्या पावलांबद्दल मंत्रालयात कोणी तरी बोललं पाहिजे असं मला वाटतं.

बूट ही मापाची वस्तू आहे. गणवेश सैल आला तर आई दोन टाके घालते, आखूड आला तर दुमड उसवून लांब करते. पुस्तकाला माप नसतंच. बुटाला मात्र घरी करता येण्यासारखा इलाज नाही. तो पायात बसतो, नाहीतर कोपऱ्यात पडतो. आणि इतक्या मापाची ही वस्तू आपण पटावरून वाटतो आहोत.

पद्धत अशी आहे. खरेदीची वेळ येते, मुख्याध्यापक इयत्तावार आकडा काढतात. पहिलीत इतकी, दुसरीत इतकी. मग अंदाजाने नंबर ठरतात : पहिलीला अकरा, तिसरीला तेरा, पाचवीला तीन. एका वर्गातल्या सगळ्यांना एकच नंबर, फार तर दोन. पण चौथीच्या एकाच वर्गात तेरा नंबरचं पाऊल असतं आणि चार नंबरचंही. त्यात लहान मुलांच्या बुटांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू होतात, हे दुकानदाराला पाठ असतं, शिक्षकाला ते कोणी शिकवलेलं नसतं. यादीत नुसतं "दोन नंबर" लिहिलं, तर तो रांगत्या बाळाचा दोन की चौथीतल्या मुलाचा दोन, हे समोर उभं असलेलं मूल पाहिल्याशिवाय कळायचं कसं? यात शिक्षकांना दोष देता येणार नाही. त्यांच्या हातात खिचडीचा हिशेब आहे, ऑनलाइन माहिती भरणं आहे, शिकवणंही आहे.

मग वाटपाचा दिवस येतो. हा दिवस मी शाळेच्या व्हरांड्यात बसून पाहिला आहे. बूट पायात चढवून गुरुजी विचारतात, "बसतोय का रे?" आणि मूल म्हणतं, "बसतोय, सर." प्रत्येक मूल हेच म्हणतं. बोटं आत वळलेली असतात, टाच मागे दाबलेली असते, तरी "बसतोय". कारण "नाही" म्हटलं तर बूट परत जाईल, ही भीती. घरी कधी नवा बूट आलेलाच नसेल, तर नवा बूट कसा बसायला हवा हे त्याला माहीत तरी कुठून असणार? म्हणून मुलाला विचारून भागत नाही. मोठ्या माणसाने खाली बसून बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहावं लागतं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाचेमागे हाताचं बोट जेमतेम शिरावं, आणि हे मूल उभं असताना पाहायचं, बसलेलं असताना नाही.

माप घेताना दिसलेली आणखी एक गोष्ट सांगतो. मी कोऱ्या कागदावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिलीने रेघ ओढतो. एका शाळेत तिसरीतला एक मुलगा रांगेतून निसटला. नळावर जाऊन पाय खसखसून धुऊन आला आणि ओलंच पाऊल कागदावर ठेवलं. कागद भिजला, रेघ उमटेना. पायाला भेगा होत्या, टाचेजवळ काटा मोडून पिकलेली जागा होती. त्याला त्या पायाची लाज वाटत होती. मुलींनीही बोटं मुडपून घेतली होती, त्यांना "पाय सैल सोड" असं दोनदोनदा सांगावं लागलं. बूट देताना आपण मुलाच्या अशा जागेला हात घालत असतो जी तो एरवी लपवतो. तिथे घाईने, ओळीत उभं करून, फोटोसाठी वाटप करू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

आमच्याच तालुक्यातली सहावीतली एक मुलगी आईबरोबर दुकानात आली होती. पायात शाळेतून मिळालेला बूट, मागची टाच पूर्ण दुमडून सपाट केलेली. बूट तीन नंबरचा, पाऊल पाच नंबरचं. टाच मोडून ती तो सपातेसारखा फरफटत घालत होती आणि अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. आई म्हणाली, "सरकारनं दिलेला हाय, टाकायचा कसा?" अशा घरांत दिलेल्या वस्तूचा मान राखतात. म्हणूनच देताना नीट द्यायला हवी.

आता थोडं शास्त्राचं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं मोजली. आपण वापरतो ते नंबर इंग्रज ठेवून गेलेले. या मोजणीत दिसलं की भारतीय पाऊल त्या साच्यापेक्षा रुंद असतं. त्यावरून "भा" नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. अनवाणी किंवा हवाई चपलेत वाढलेल्या मुलांचा पंजा तर आणखी पसरट असतो, हे मी दुकानात पाहतो. म्हणून लांबीला बरोबर असलेला बूटही करंगळीजवळ चावतो. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट समोर आली : मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असते आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी. हे वय लक्षात ठेवा, त्याकडे पुढे येतो.

आणि चुकीच्या मापाचा बूट नुसता वाया जात नाही, पायही बिघडवतो. १९९२ साली भारतात झालेल्या एका अभ्यासात २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. अनवाणी वाढलेल्या मुलांपेक्षा बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पावलाचं प्रमाण जास्त आढळलं, आणि पुढून बंद असलेल्या बुटांत ते सर्वाधिक होतं. याचा अर्थ मुलांना अनवाणी ठेवा असा कोणी काढू नये. वाढत्या पावलाला बोटं पसरायला जागा हवी, एवढाच त्याचा अर्थ.

अनवाणी राहण्याची किंमत काय असते ते आमच्या भागात येऊन पाहावं. वेडी बाभूळ आणि सराटे यांनी शाळेची वाट भरलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असली, तरी सुटून घरी जाईपर्यंत डांबर तापतं आणि पोरं सावलीतून सावलीत पळत जातात. फुरसं आणि विंचू आहेतच. ओल्या मातीच्या भागात अंकुशकृमी या जंताच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्यात रक्त पितात आणि मूल फिकट पडत जातं. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी देतात. ती दिल्यावर तेच मूल अनवाणी त्याच मातीत गेलं, तर जंत पुन्हा होतात. गोळी आणि बूट एकत्र धरायला हवेत. यासाठी आरोग्य विभागाशी आपलं बोलणं व्हावं.

आता १७० रुपयांकडे येतो. पहिलीतल्या मुलाचं पाऊल साधारण १७-१८ सेंटिमीटर असतं, आठवीतल्या मुलाचं २४-२५. लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात, म्हणजे बुटाला लागणारा माल जवळजवळ दुप्पट होतो. दर मात्र दोघांना एकच. १७० मधून दोन जोड पायमोज्यांचे स्वस्तात स्वस्त ४० रुपये वजा केले की उरले १३०. ही योजना आली तेव्हा हजाराच्या आतल्या बुटावर १२ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला, तेवढी सोय झाली. त्यातून वाहतूक आणि पुरवठादाराचा नफा काढा. जे शिल्लक राहतं त्यात लहान मुलाचा बरा बूट कसाबसा बसतो. मोठ्या मुलासाठी पातळ रेक्झिनचा, चिकटवलेल्या तळव्याचा माल येतो आणि दिवाळीच्या आत त्याचं पुढून तोंड उघडतं. तळवा शिवलेला असेल तर बूट वर्ष काढतो. फरक शिलाईचा आहे आणि शिलाईला पैसे पडतात.

आमच्या तालुक्याला कर्नाटकाची सीमा लागून आहे. तिकडे सरकारी शाळांत पहिली ते दहावीपर्यंत बूट-मोजे देतात. खरेदी तिकडेही शाळेची समितीच करते, पण दर तीन आहेत : पहिली ते पाचवीला २६५, सहावी ते आठवीला २९५ आणि नववी-दहावीला ३२५ रुपये. तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. पण पाऊल वाढतं हे त्या दरपत्रकाने मान्य केलं आहे, आणि माझ्या दृष्टीने मुद्दा तोच आहे. आपल्याकडे या योजनेवर सुमारे ७५ कोटी रुपये धरले गेले होते. त्याला १७० ने भागलं की साधारण ४४ लाख मुलं होतात. सरासरी २८० रुपये धरले तर खर्च सव्वाशे कोटींच्या आत राहतो. वाढीव पन्नास कोटी राज्याच्या अर्थसंकल्पात सापडणार नाहीत असं मला वाटत नाही. आणि चार महिन्यांत फाटणाऱ्या बुटावर घातलेले ७५ कोटी ही बचत कशी म्हणायची?

पैसे थेट आईवडिलांच्या खात्यावर टाकावेत असंही सुचवलं जातं. उत्तर प्रदेशात गणवेश, स्वेटर, दप्तर, बूट-मोजे असे सगळे मिळून १,२०० रुपये पालकांच्या खात्यात जातात. मला ते पटत नाही. घरात कोणी आजारी असेल तर ते पैसे आधी औषधाला जातील, आणि त्या आईने दुसरं काय करावं? बूट मुलाच्या पायातच पोचायला हवा.

उलट टोकाचा उपायही नको. २०२४-२५ मध्ये गणवेशाचं कापड राज्य पातळीवर खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली. गणवेश उशिरा आले, मापाच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच विभागाने ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. कापडाची ही गत, तर बुटाची काय होईल? मुंबईत एक निविदा, एक साचा आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकच बूट, असं कधीही करू नका. कोकणात भर पावसात बंद बूट आणि नायलॉनचे मोजे दिवसभर ओले राहतात आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. तिथे मागे पट्टा असलेली सॅन्डल बरी. आमच्याकडे काट्यांमुळे बंद बूटच हवा. हे ठरवायची मुभा समितीला असावी आणि शासन निर्णयात तसं स्पष्ट लिहावं, म्हणजे लेखापरीक्षणात मुख्याध्यापक अडकणार नाहीत.

मापाची जबाबदारीही त्याच निर्णयात यावी. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाच्या दोन्ही पावलांचं माप घ्यावं, तेही दुपारनंतर, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. नोंद सेंटिमीटरमध्ये करावी म्हणजे नंबरांचा घोळ राहत नाही. आणि पुरवठादारावर महिनाभरात बूट बदलून देण्याची अट घालावी. ही अट नसल्यामुळे न बसलेले जोड शाळेच्या कपाटात धूळ खात पडतात आणि मूल पुन्हा हवाई चपलेवर येतं, पट्ट्याला पिन लावून. मला स्वतःला ही अट जड जाईल, माल अडकेल. तरी घाला.

आता सर्वांत महत्त्वाचं. ही योजना शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरती आहे. आमच्यासारख्या भागात वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. पुढे मूल कुठल्या तरी संस्थेच्या अनुदानित हायस्कुलात जातं. घर तेच, वडिलांची मजुरी तीच, पण शाळेची पाटी बदलली की गणवेश आणि बूट बंद. वाडीवरच्या शाळेला पाच मिनिटं लागायची, हायस्कूल दोन-तीन किलोमीटरवर. मघाशी सांगितलेलं वय आठवा : मुलीचं पाऊल अकराव्या वर्षी सर्वाधिक वाढतं, म्हणजे पाचवी-सहावीत. चालणं वाढतं आणि पाऊल झपाट्याने वाढतं, त्याच वर्षी सरकारचा बूट थांबतो. मुलग्याचं वाढीचं वय तर नववी-दहावीत येतं, तेव्हा योजना कुठल्याच शाळेत नाही. अनुदानित शाळांतल्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, मग बुटांनी काय पाप केलं? आर्थिक ओढाताण असेल तर सुरुवात अनुदानित शाळांतल्या पाचवी ते आठवीच्या मुलींपासून करा. पण सुरुवात करा.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी वेगळा विचार लागेल. जत, मंगळवेढा, सांगोल्यापासून बीडपर्यंतची कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात. वाटप सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रेंगाळलं की ही मुलं निघून गेलेली असतात आणि त्यांचा जोड कपाटात राहतो. ऊस तुटलेल्या फडात बुडखे खुंटासारखे वर राहतात, तिरक्या धारेचे. त्यातून मोळी बांधायला मदत करत हिंडणाऱ्या पोराला बुटाची गरज वर्गातल्या मुलापेक्षा जास्त आहे. या मुलांना बूट जूनमध्येच द्या, आणि हंगामात ती जिथे असतील तिथल्या शाळेतून दुसरा जोड मिळण्याची सोय ठेवा.

एक गोष्ट मनाची आहे. माझे आजोबा गावाला चपला शिवून द्यायचे, पण वेशीतून आत जाताना त्यांना स्वतःच्या पायातल्या काढून हातात घ्याव्या लागत. अनवाणी पायांमागे नेहमी गरिबीच नव्हती, काहींना अनवाणी ठेवलं गेलं होतं. म्हणून २०२३ च्या निर्णयातला "प्रत्येक विद्यार्थ्याला" हा शब्द मला मोठा वाटतो. त्याआधी मोफत गणवेश सगळ्या मुलींना आणि मुलांमध्ये फक्त अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचा. वर्गात नावं वाचून कोणाला मिळणार, कोणाला नाही, हे सगळ्यांसमोर ठरायचं. ते थांबलं, याबद्दल आपल्या विभागाचे आभार. बुटांच्या बाबतीत ती यादी पुन्हा येऊ देऊ नका.

हाताने बूट बनवणारे कारागीर अजून राज्यात आहेत. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ त्यांच्यासाठीच काढलेलं आहे. काही जिल्ह्यांतल्या शाळांचे बूट या कारागिरांच्या गटांकडून, शिवलेल्या तळव्याचे, बनवून घेता येतील का, हे दोन-तीन तालुक्यांत करून पाहावं. वर्षाची बांधील मागणी मिळाली तर त्यांची मुलंही या धंद्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

पुढच्या वर्षाचा निधी मार्चमध्ये ठरेल. त्याआधी दर वयानुसार करण्याचा, माप आणि बदलून देण्याची अट घालण्याचा आणि अनुदानित शाळा जोडण्याचा निर्णय व्हावा, ही विनंती. माप कसं घ्यायचं हे शिक्षकांना दाखवायला अर्धा तास पुरतो. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही केंद्रशाळेत मी स्वतः येऊन ते दाखवीन. मापपट्टी माझी, मानधन नको. ज्या शाळेला माझ्याकडून माल घ्यायचा नाही, तिथेही येईन.

आपला,
जत तालुक्यातला एक चप्पल-बूट दुकानदार
जि. सांगली